विंचूदंशाच्या नोंदी द्या, जमेल ती मदत द्या : पंचक्रोशीतील ग्रामस्थांना आवाहन

भातकापणी तोंडावर आली आहे. पेंढा रचताना, जांभ्याच्या गडग्यात हात घालताना, लाकडाची मोळी उचलताना विंचू चावतो, तो याच दिवसांत. म्हणून आरोग्य समिती आपल्याकडे दोन गोष्टी मागत आहे : थोडी मदत आणि नेमकी माहिती. खरे सांगायचे तर माहितीची गरज अधिक आहे आणि तिला पैसाही पडत नाही.

लाल विंचवाच्या दंशावर आज जो उपचार होतो, तो अशा माहितीतूनच उभा राहिला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्या काळी दंशाने गंभीर झालेल्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. त्यांनी रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यांनी विंचूदंशासाठी वापरली. १९८६ मध्ये त्याविषयीचा लेखही तिथेच प्रसिद्ध झाला. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

हे विष करते काय? मज्जातंतूंच्या पेशींना सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. विष ती मिटू देत नाही. मग मज्जातंतू संदेश धाडतच राहतात आणि ॲड्रेनलिनसारखी रसायने रक्तात उसळतात. सुरुवातीला उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ. मुलांमध्ये व पुरुषांमध्ये लिंग ताठ राहते. घरचे लाजून हे सांगत नाहीत, पण डॉक्टरांसाठी ती फार महत्त्वाची खूण आहे, तेव्हा सांगा. त्यानंतर हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो, छाती धडधडते. हृदय थकले की फुप्फुसांत पाणी भरते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. प्राझोसिनमुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो.

यातली एक गोष्ट आपल्या समजुतीच्या उलट आहे. ज्याला नुसता जीवघेणा ठणका लागतो आणि बाकी काही होत नाही, तो बहुधा धोक्याबाहेर असतो. ठणका फारसा नाही, पण अंग घामाने भिजले आहे आणि हात गार आहेत, अशा मुलाला क्षणाचाही विलंब न करता दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडे नेण्यात, आवळपट्टी बांधण्यात किंवा चीर देण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

वेळेचा मुद्दा संशोधनातूनही पुढे आला आहे. महाडला ७० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या प्राझोसिनवर असलेले रुग्ण सरासरी सुमारे १८ तासांत सावरले. सोबत विंचवाच्या विषावरची लसही दिली, ते १० तासांत. ही लस रक्तात मोकळे फिरणारे विष निकामी करते. पेशींना चिकटून बसलेल्या विषावर तिचे फारसे चालत नाही.

  

म्हणून दंश झाला की घड्याळ पाहा. चावल्याची वेळ, पहिली उलटी किंवा घाम आल्याची वेळ, दवाखान्यात पोहोचल्याची वेळ, रुग्णाचे वय, विंचू लाल की काळा, आधी घरी काय उपाय केला, एवढे लिहून आशाताईंकडे द्या. मांत्रिकाकडे नेले असेल तर तेही लिहा, कोणी रागावणार नाही. विंचवाचा लांबून फोटो मिळाला तर उत्तम, पण त्याला पकडायला जाऊ नका. या नोंदी नाव वगळून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जातील आणि अभ्यासकांनी मागितल्यास त्यांनाही मिळतील.

वस्तूंमध्ये सर्वांत आधी हवा आहे लहान मुलांच्या दंडाला बसेल असा पट्टा असलेला रक्तदाबमापक. मोठ्यांचा पट्टा मुलांना लावला की आकडा चुकतो. बोटाला लावायचे ऑक्सिजनमापकही हवे आहेत. कापणीला जाणाऱ्या मजुरांसाठी गमबूट आणि जाड हातमोजे द्या, वापरलेले पण धड असले तरी चालतील. अतिनील प्रकाशाच्या दोन-तीन विजेऱ्या मिळाल्या तर फार बरे. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, त्यामुळे शाळा आणि अंगणवाडीभोवतीचे विंचू रात्री मोजता येतील. रात्रीच्या रुग्णासाठी स्वतःची गाडी काढायला जे तयार असतील, त्यांनी आपले नाव समितीच्या यादीत घालावे.

कृपा करून गोळ्या-औषधे विकत आणून देऊ नका. प्राझोसिनने रक्तदाब एकदम उतरू शकतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

वस्तू आणि रोख देणगी ग्रामपंचायत कार्यालयात कामाच्या वेळेत स्वीकारली जाईल. रोख देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला कार्यालयाच्या फलकावर लागेल.

— आरोग्य समिती