सेल्फ बदलण्याआधी वायर तपासा

संपादक महोदय,

अकोल्याच्या उन्हात माल उतरवून टेम्पो पुन्हा सुरू करायला गेलो की सेल्फ नुसता ‘टक्’ करायचा. तासाभराने इंजिन गार झालं की लगेच सुरू. एका गॅरेजने अख्खा सेल्फ बदलायला लावला. पैसे गेले, दुखणं तेच. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने गाडीखाली झोपून सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचची, बारीक वायर ओढून दाखवली. एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या गरम पाइपला टेकून वरचं प्लास्टिक बिस्किटासारखं तडकलेलं, आतलं तांबं काळं पडलेलं. सेल्फ मारताना तिथे 12 ऐवजी जेमतेम 7 व्होल्ट पोचत होते! नवी जाड वायर टाकली, वर उष्णता सोसणारी नळी चढवली, एक्झॉस्टपासून लांब बांधली. अर्ध्या तासाचं काम. गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती, आधी मीटर लावा, मग पार्ट सांगा. आमचं पोट या गाडीवर आहे.

– एक टेम्पोचालक, अकोला