शनिवारच्या वर्गाच्या बाईंना

प्रिय बाई,

लॉस एंजेलिसच्या त्या पटकथेच्या वर्गातले सगळे तुम्हाला नावाआधी 'मिस' लावून हाक मारायचे. मला ते जमलं नाही. नागपुरात आमच्या शाळेत शिकवणाऱ्या त्या 'बाई', आणि पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या कागदावरून पेन्सिल फिरवलीत तेव्हा मनात तोच शब्द आला. हे पत्र मराठीत आहे त्यालाही कारण तुम्हीच. "ज्या भाषेत आईशी भांडतेस, त्या भाषेत पहिला खर्डा लिही," असं तुम्ही म्हणाला होतात. इंग्रजीत करून तुम्हाला पाठवणार आहेच. पण इकडे मालिका आणि वेबसिरीज लिहू पाहणाऱ्या पोरापोरींनीही वाचावं, म्हणून हे उघड लिहितेय.

मी लॉस एंजेलिसला आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे, एच-४ व्हिसावर. काम करायची परवानगी नव्हती. त्याआधी मुंबईत चार वर्षं मी डेली सोपचे संवाद लिहीत होते, दुसऱ्याच्या नावावर. रात्री अकराला फोन यायचा आणि सकाळी सातच्या शिफ्टला सीन सेटवर लागायचा. माझं नाव पडद्यावर कधी आलं नाही. त्याचं वाईट वाटायचं, पण त्याहून जास्त हे खुपायचं की सीन का चालला, का पडला, हे चार वर्षांत कुणी समजावून सांगितलं नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात लायमर्ट पार्कजवळ एका दारावर कागद चिकटवलेला दिसला: कृष्णवर्णीय पटकथालेखकांसाठी, विनामूल्य, दर शनिवारी दहा वाजता. तो वर्ग माझ्यासाठी नव्हता हे मला कळत होतं. तरी दारात उभं राहून विचारलं, मागे बसून नुसतं ऐकलं तर चालेल का? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "मागे बसायला इथे कुणी येत नाही. वाचता येतं ना? मग ॲक्शन लाइन्स तू वाच." आणि पायाने एक घडीची खुर्ची माझ्याकडे सरकवलीत.

जे वाचतायत त्यांच्यासाठी सांगते. टेबल रीडमध्ये पात्रांचे संवाद एकेकाला वाटून देतात. उरलेलं सगळं, म्हणजे दार उघडतं, ती थांबते, फोन वाजतो, हे एकच माणूस वाचतं. ते काम कुणालाच नको असतं. मी ते सात महिने केलं, आणि पटकथा म्हणून जे काही मला येतं ते तिथे आलं. दुसऱ्याच्या कागदावरचं एखादं वाक्य मोठ्याने वाचताना जीभ अडखळली की कळायचं, इथे लेखकाला पुढचं दिसलेलं नाही.

माझ्या पायलटचा, म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागाच्या वाचनाचा दिवस आठवतो? नागपूरची मुलगी पुण्यात खोली शोधते. घरमालकीण प्रेमाने चहा विचारते, मग पूर्ण नाव विचारते. आडनाव ऐकल्यावर मी माझ्या नायिकेला तीन पानी संवाद दिले होते. समता, संविधान, सगळं. वाचन संपलं. कुणी काही बोललं नाही. तुम्ही विचारलंत, "किल्ली कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही.

"खोली दाखवायला निघाली होती ना बाई? मग किल्ली तिच्या हातात असणार. नाव ऐकल्यावर त्या किल्लीचं काय होतं?"

मी म्हटलं, ती परत खिळ्याला अडकवत असेल. तुम्ही तिन्ही पानांवर एक आडवी रेघ मारलीत आणि खाली मला लिहायला लावलंत: 'किल्ली खिळ्यावर. चहा अजून गरम.' पलीकडे बसलेला मुलगा, जो बस चालवून वर्गाला यायचा, हळूच म्हणाला, "फोनवर माझा आवाज ऐकून ते भेटायची वेळ देतात. दारात मला बघितलं की फ्लॅट नेमका कालच गेलेला असतो." आडनाव म्हणजे काय, जात म्हणजे काय, हे मला त्या खोलीत कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. मुंबईत मात्र हाच सीन एकदा ऐकवला होता तेव्हा समोरून उत्तर आलं होतं, "असं आता कुठे होतं?"

तुम्ही इतिहास शिकवायचात तो पण असाच, काम करता करता. १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसची वॉट्स ही कृष्णवर्णीयांची वस्ती दंगलीत पेटली, त्यानंतर काहीच दिवसांत बड शुल्बर्ग या पटकथालेखकाने तिथे लेखनाचा वर्ग काढला. १९६६ मध्ये तिथल्या लेखकांचं लेखन एनबीसी वाहिनीने देशभर दाखवलं. त्या वर्गाने स्वतःचं नाट्यगृह उभं केलं, आणि १९७३ मध्ये ते जाळलं गेलं. जाळणारा एफबीआयचा खबऱ्या होता. हे सांगताना तुमचा आवाज चढला नव्हता. तुम्ही सीनची कार्डं लावत होतात. मग रायटर्स गिल्ड या पटकथालेखकांच्या संघटनेच्या ओपन डोअर वर्गाची गोष्ट. पॅसाडीनाची, लोकांच्या घरी कामाला जाणाऱ्या आईची मुलगी ऑक्टेव्हिया बटलर १९६९ च्या सुमारास तिथे आली. तिथल्या एका शिक्षकाने तिच्यातली लेखिका ओळखली आणि १९७० मध्ये विज्ञानकथेच्या कार्यशाळेला जायला लावलं. पटकथा तिने पुढे लिहिल्या नाहीत, कादंबऱ्या लिहिल्या. "दार पटकथेचं होतं, ती दुसऱ्याच घरात शिरली. चालतं," असं तुम्ही म्हणाला होतात.

आणि यव्हेट ली बाउझर. 'अ डिफरंट वर्ल्ड' या मालिकेत त्या शिकाऊ लेखिका म्हणून लागल्या आणि १९९३ मध्ये त्यांनी स्वतःची मालिका 'लिव्हिंग सिंगल' आणली. त्याच 'अ डिफरंट वर्ल्ड'मधलं काल्पनिक कॉलेज हिलमन. लहानपणी ती मालिका बघणाऱ्या लीना वेथने मोठेपणी आपल्या कंपनीला हिलमन ग्रॅड नाव दिलं आणि नवोदितांसाठी फुकट प्रशिक्षण सुरू केलं. विनोदी मालिकेच्या लेखनासाठी एमी पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, २०१७ साली. हे तुम्ही फळ्यावर तीन बाणांत काढलं होतंत. त्या फळ्याचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

तुमच्याकडून एक गोष्ट नीट उमगली. टीव्हीचं लेखन रायटर्स रूममध्ये शिकतात. आठदहा जण टेबलाभोवती बसून गोष्टीचे तुकडे पाडून ती रचतात, आणि नवखा स्टाफ रायटर बघत बघत शिकतो. खोलीतच घेतलं नाही तर शिकणार कुठे? 'कलर ऑफ चेंज' या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या अहवालाचे आकडे तुम्ही पाठ म्हणायचात: एका हंगामातल्या २३४ मालिका, ३,८१७ लेखक, त्यात कृष्णवर्णीय ४.८ टक्के. दोन तृतीयांश मालिकांच्या खोलीत एकही नाही. आणि खोलीत घेतलं तरी पुढे काय होतं, ते वर्गातल्या एका ताईंनी सांगितलं. पहिल्या वर्षी स्टुडिओच्या विविधता योजनेतून पगार निघतो, मालिकेला लेखक फुकट पडतो. दुसऱ्या वर्षी बढती द्यायची तर पैसे मालिकेच्या बजेटमधून. मग नेमकी तीच खुर्ची कमी होते. त्या ताई तीन मालिकांत तीनदा स्टाफ रायटरच होत्या. म्हणून तुम्ही फेलोशिपचे अर्ज भरायला बसवायचात, आणि त्याच बैठकीत करार कसा वाचायचा, बढती कधी आणि कोणत्या शब्दांत मागायची, हेही घोकून घ्यायचात. माझ्या मते तुमच्या वर्गातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण तेच होतं. सीन लिहायला शिकवणारे पुष्कळ भेटतात.

ऑक्टोबरात एका मोठ्या स्टुडिओने आपली जुनी लेखन कार्यशाळा बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे ओरड झाल्यावर निर्णय फिरला, पण त्या शनिवारी वर्गात सुतक होतं. चार जणांचे अर्ज तिथे गेले होते. तुम्ही इसा रेचा पहिला वेब एपिसोड लावलात. २०११ ची यूट्यूबवरची मालिका, पैसे संपल्यावर प्रेक्षकांनीच ५६ हजार डॉलरहून जास्त वर्गणी दिलेली, आणि २०१६ मध्ये तीच मुलगी एचबीओवर. एपिसोड संपल्यावर दिवे लावून तुम्ही म्हणालात, "पुढचं पान कुणाचं आहे?"

२ मे २०२३ ला हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला आणि वर्ग फुटपाथवर भरू लागला. मी पाण्याच्या बाटल्या आणि चिवडा वाटायचे. तुमच्या गुडघ्याला पट्टा होता, तरी तुम्ही फलक घेऊन फेऱ्या मारायचात, आणि फेरी मारता मारता त्या बस चालवणाऱ्या मुलाच्या दुसऱ्या ॲक्टबद्दल बोलायचात. १४८ दिवसांनी संप मिटला तेव्हा मालिकेच्या खोलीत किमान किती लेखक हवेत हे पहिल्यांदा करारात आलं. तुमचा फोन आला होता. तुम्ही फक्त "खुर्च्या मोजल्या त्यांनी" एवढंच म्हणालात आणि मग बराच वेळ बोललाच नाहीत.

भारतात परतताना, निरोपाच्या दिवशी मी तुम्हाला एक छापील कागद दिला होता. जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंतांना लिहिलेलं पत्र. भारतातले अस्पृश्य आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य त्यात आहे, आणि तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या आहेत. डू बॉइसनी महिनाभरात उत्तर दिलं. तुम्ही तो कागद दोनदा वाचलात आणि विचारलंत, "आणि तुझ्या घरी याबद्दल तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, बाबांनी, नागपुरातल्या इंदोऱ्याच्या घरात, कंदिलाच्या उजेडात. तुम्ही म्हणालात, "कंदील लिही."

लिहिला, बाई. पायलटची सुरुवात आता तिथून होते. गेल्या वर्षी मुंबईत एका वेबसिरीजच्या लेखकांच्या खोलीत मला जागा मिळाली. करारात माझ्या नावाचं कलम आहे. तुम्ही सांगितलेल्याच शब्दांत मागितलं होतं. मागताना आवाज कापत होता, तरी पूर्ण वाक्य बोलले.

तुम्ही माझ्याकडून कधी काही घेतलं नाहीत. चिवडासुद्धा सगळ्यांना वाटून संपवलात. मनापासून आभार, त्या खुर्चीसाठी, त्या आडव्या रेघेसाठी, आणि माझी नसलेली खोली मला इतक्या सहज उघडून दिलीत त्यासाठी.

आता शनिवारी दहा वाजता माझ्याकडेही वाचन असतं, विक्रोळीच्या दोन खोल्यांत. फी नाही. या शनिवारी एक मुलगी पहिल्यांदा येतेय, लातूरची. ॲक्शन लाइन्स ती वाचेल. खुर्च्या सहाच आहेत, म्हणून शेजारच्या काकूंकडून एक मागून आणून ठेवलीय.

तुमची,
ॲक्शन लाइन्सवाली