चि. बाळूस, वंशावळीच्या कागदाबद्दल

कन्नड, मंगळवार

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

आज्जाच्या नावावरच्या जमिनीला वारस लावायचे म्हणून तलाठ्यानं वंशावळ मागितली. थोरल्या चुलत्यानं ती काढून भावकीच्या ग्रुपवर टाकली आणि तुझ्या नावापुढं कंसात 'द.', म्हणजे दत्तक, असं लिहिलं. ते तू माझ्याआधी पाहिलंस. फोनवर एवढंच म्हणालास, "अण्णा, वॉर्फच्या नावापुढं कुणी कंस नाही टाकला." तेव्हा घरात माणसं बसली होती, मी विषय बदलला. आता निवांत लिहितो.

तू सुट्टीत लावून द्यायचास म्हणून मी ती वॉर्फची मालिका, स्टार ट्रेक, पाहिली. त्यातली यंत्रं मला आजही कळत नाहीत. क्लिंगॉन, म्हणजे वॉर्फची ती परग्रहावरची लढवय्यी जमात, मात्र लगेच कळले. घराण्याचं नाव आधी आणि माणूस मागून. बापानं केलेलं लेकानं फेडायचं. भर सभेत पाठ फिरवून माणूस वाळीत टाकायचा. हे समजायला मला परग्रहावर जायची गरज नव्हती.

त्या वॉर्फचं बघ. खिटोमरच्या तळावर रोमुलन नावाच्या शत्रू जमातीनं कत्तल केली, त्यात त्याचे आईबाप गेले. ढिगाऱ्यातून पोर उचललं ते रोझेन्को नावाच्या माणसानं, आणि ते नवराबायको क्लिंगॉन नव्हते, आपल्या पृथ्वीवरचे होते. धाकटा भाऊ कर्न तान्हा म्हणून मागं घरीच ठेवलेला. बाप मोघ, त्याचा मित्र लॉर्ग, त्यानं तो स्वतःचा लेक म्हणून वाढवला. म्हणजे मोघच्या घराण्याचे दोन्ही वारस दुसऱ्याच्या ताटात जेवून मोठे झाले. पुढं खिटोमरच्या फितुरीचा आळ मेलेल्या मोघवर आला. खरा फितूर होता डुरास नावाच्या सरदाराचा बाप, आणि ते सभेतल्या मोठ्यांना ठाऊक होतं. पण डुरासचं घराणं वजनदार, त्याला हात लावला तर राज्य फुटेल म्हणून सगळे गप्प. तेव्हा मोघच्या नावासाठी उभा राहिला तो परक्यांत वाढलेला पोरगाच. धाकट्याचा जीव वाचावा, राज्यात यादवी होऊ नये, म्हणून त्यानं खोटा कलंक स्वतःवर घेतला. १९९० सालचा भाग आहे तो. तुझी आई मधेच उठून चहा टाकायला गेली, तिला बघवेना.

मला सगळ्यात आवडली ती सिरेला, मार्टोकची बायको. मोघचं घराणं बुडाल्यावर मार्टोकनं वॉर्फला आपल्या घराण्यात घेतलं. हा मार्टोक स्वतः केथाच्या साध्या वस्तीतला, ज्याला एका खानदानी म्हाताऱ्यानं कुळ बघून अधिकारी होऊ दिलं नव्हतं. शेवटी तोच राज्याचा प्रमुख झाला. पण घरात कोण येणार हे ठरवायचं सिरेलानं. वॉर्फच्या होणाऱ्या बायकोला, जॅडझियाला, ती उभंआडवं घेते. आमची थोर आजी अमक्या सम्राटाची लेक, तुम्ही कोण? जॅडझिया जुनं दप्तर उघडते, तर ती आजी सम्राटाची लेक नव्हतीच! मी इतका हसलो की शेजारचे विचारायला आले. आपल्या थोरल्या चुलत्यालाही आपण देवगिरीच्या यादवांपर्यंत पोचतो असं वाटतं. कागद मागितला की तो पंचायत समितीच्या राजकारणावर येतो.

आणि रक्ताचं म्हणशील तर दौलताबादचा किल्ला इथून जवळच आहे. खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला, त्यातून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. सासरा लखुजी एकीकडं, जावई शहाजी दुसरीकडं, दोन्ही घरचे तरुण पोरं गेले, असं बखरकार सांगतात. ज्या निजामशाहीची चाकरी लखुजींनी केली, तिच्याच दरबारात १६२९ साली त्यांना लेकांसकट मारलं. सोयरीक होती, रक्त होतं, सगळं होतं.

त्याच्या उलट कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा पोरगा. मालेगावकडचं गाव, आपल्या डोंगराच्या पलीकडं. १८७५ साली जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो बडोद्याचा सयाजीराव झाला. तिथल्या विद्यापीठाच्या पाटीवर 'द.' आहे का, हे मी चुलत्याला विचारलं. तो म्हणाला, ते राजे लोक. म्हणजे राजाला चालतं, सहा एकरवाल्याला नाही.

कायद्याचं तुला माहीत असावं म्हणून सांगतो. १९५६ च्या कायद्यानं दत्तक झाल्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत त्याच घरचं. आपलं दत्तकपत्र रजिस्टर केलेलं आहे, कपाटात लाल फायलीत आहे. त्यामुळं हक्काची काळजी करू नकोस. मला राग आहे तो त्या कंसाचा.

एका गोष्टीत मात्र तुझा वॉर्फ मला पटत नाही. स्वतःचा लेक, अलेक्झांडर, त्याला त्यानं आजीआजोबांकडं धाडून दिलं आणि नंतर तो योद्धा होत नाही म्हणून कुढत बसला. ज्याला दुसऱ्यानं जीव लावून वाढवलं त्यानं असं करावं? तू त्याची बाजू घेशील, ठाऊक आहे. आल्यावर भांडू.

चुलत्याला मी निरोप दिलाय की कंस खोडल्याशिवाय माझी सही नाही, आणि माझ्या सहीशिवाय त्याचाही फेरफार अडतो. दोन दिवस फुगून बसेल, मग येईल. तू ग्रुपवर काही लिहू नकोस. आधारची झेरॉक्स तेवढी पाठव, प्रतिज्ञापत्राला लावायचीय, आणि ती पोस्टानं नको, कन्नडला येणाऱ्या कुणाच्या तरी हातीच दे.

तुझा,
अण्णा