स्मरण : रविवारचा चित्रपट, 'स्पेल रील'
सर्व सभासदांस नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ठीक 6 वाजता रामबागेत, नेहमीच्याच जागी, पोर्तुगीज कलावंत फिलिपा सेझार यांचा 'स्पेल रील' (2017) दाखवणार आहोत. लांबी 96 मिनिटे, उपशीर्षके इंग्रजीत.

विषय आहे पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊचा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा मुक्तिलढा. त्या लढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांनी 1967 मध्ये चार तरुणांना सिनेमा शिकायला क्यूबाला पाठवले. आपला लढा आपल्याच लोकांनी टिपावा म्हणून. जानेवारी 1973 मध्ये काब्राल यांची हत्या झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वातंत्र्याची घोषणा झाली, ती पाहायला ते नव्हते. त्या तरुणांनी टिपलेल्या रिळांपैकी बरीच पुढे यादवी युद्धात नष्ट झाली. उरलेली बर्लिनमध्ये डिजिटल करून जिथे ती टिपली त्याच गावांत पुन्हा दाखवली, आणि जुने साथीदार पडद्याशेजारी उभे राहून बोलले. मला तोच भाग फार मोलाचा वाटतो.

हीच पोर्तुगीज सत्ता 1961 पर्यंत गोव्यात होती. आपल्या शेजारच्या उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ 1955 च्या सत्याग्रहात तिच्याच गोळीला बळी पडले. कोणाच्या घरी त्या सत्याग्रहाची पत्रे, फोटो असतील तर जरूर आणा. चित्रपटानंतर ते सर्व मिळून बघू.

वेळेवर या, पहिली दहा मिनिटे चुकवू नका. मुलांनाही आणा.