बाबा, ही बॅटरी तुम्ही जोडायची आहे

रत्नागिरी,
२५ मे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

दापोलीच्या गाडीने दिलेली पिशवी एव्हाना हाती पडली असेल. तिच्यातली निळी साबणाची डबी आईची. बाजूचं बटण सरकवलं की उजेड पडतो, बाकी काही करायला नको. पांढऱ्या डबीत मात्र सगळे सुटे भाग आहेत आणि ती बाबांची. तीही जोडून पाठवणं मला जड नव्हतं. पण बाबा, ही तुम्हीच जोडावी असं मला फार वाटतं.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि आपल्या दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात होत्याचं नव्हतं झालं. माड-पोफळी आडव्या, खांब आडवे, आणि वीज यायचं नाव नाही. आपली चार्जिंगची बॅटरी लगेच मिणमिणायला लागली. वीजच नाही तर ती चार्ज कशावर करणार? पुढे वीज आली तरी ती उठली नाही, आणि झाकण कायमचं चिकटवलेलं, त्यामुळे आत काय गेलंय ते बघायचीही सोय नव्हती. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की घरात एक तरी उजेड असा हवा, जो गावच्या दुकानातल्या पेन्सिल सेलवर चालेल आणि बंद पडला तर रात्री ओटीवर बसून उघडता येईल. ज्याने जोडली त्यालाच ती न घाबरता उघडता येते. म्हणून सुटे भाग.

आता हिशोब. तुम्ही इतकी वर्षं मुलांना ओहमचा नियम शिकवलात, तेव्हा हे तुमच्याच अंगणातलं आहे. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, तीन एकापुढे एक जोडले की साडेचार. पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण ३.२ व्होल्ट. उरले १.३. साध्या बल्बला थोडं जास्त व्होल्टेज चालून जातं, एलईडीला नाही. व्होल्टेज जरासं चढलं की त्यातला प्रवाह भराभर वाढतो आणि तो जळतो. म्हणून हे उरलेले १.३ व्होल्ट प्रवाह अडवणाऱ्या रेझिस्टरने स्वतःवर घ्यायचे. प्रवाह हवा २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर. १.३ भागिले ०.०२, उत्तर ६५ ओहम. बाजारात त्याच्या जवळचा मिळतो ६८ चा. त्यावरचे पट्टे निळा, करडा, काळा आणि शेवटी सोनेरी. भिंग घेऊन एकदा नक्की ताडून बघा.

एलईडी तीन आहेत आणि रेझिस्टरही तीन. एकाच रेझिस्टरवर तिघांना जोडू नका. एका पाकिटातले एलईडीसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. ज्याला जरा कमी व्होल्टेज पुरतं तो दुसऱ्यांच्या वाट्याचा प्रवाहही ओढतो आणि तोच आधी जातो. प्रत्येकाला आपापला रेझिस्टर असला की हे भांडण उरत नाही.

डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम मी मुद्दाम ठेवलेलं नाही. पंख्याच्या वायरला असते तशी स्क्रूची कनेक्टर पट्टी दिली आहे, पाच घरांची. तुमचा टेस्टर तिला बरोबर बसतो. सेलच्या खोक्याची लाल वायर बटणाला, बटणाची दुसरी वायर पहिल्या घरात. त्याच घरातून तीन रेझिस्टर निघतील, ते पुढच्या तीन घरांत. त्या तिन्ही घरांच्या दुसऱ्या बाजूला एकेका एलईडीचा लांब पाय. तिघांचे आखूड पाय आणि काळी वायर एकत्र पिळून पाचव्या घरात. लांब पाय म्हणजे अधिक, एवढं लक्षात असलं की पुरे. एखादा उलटा लागला तर तो नुसता पेटणार नाही. साडेचार व्होल्टला त्याचं काही बिघडत नाही, फिरवून लावा. डबीला भोकं पाडून ठेवली आहेत.

बाबा, हात कापतो म्हणून हल्ली साधा प्लगही तुम्ही शेजारच्या मुलाकडून बसवून घेता, हे मला गणपतीत दिसलं होतं. तेव्हा काही बोलले नाही. लहानपणी रेडिओ उघडून त्याचे स्क्रू बशीत मांडायचं काम तुम्ही मला द्यायचात, आणि आतला प्रत्येक भाग काय करतो ते सांगायचात. मला या गोष्टींची भीती कधी वाटली नाही ती त्यामुळे. ही जोडणी सावकाश करायची आहे. एका बैठकीत एक स्क्रू झाला तरी चालेल. साडेचार व्होल्टचा शॉक बसत नाही. फक्त लाल आणि काळी वायर एकमेकींना थेट चिकटू देऊ नका, सेल तापतात. मला तुमच्या हातची बॅटरी घरात हवी आहे.

दिवसाउजेडी एलईडीच्या डोक्यात निरखून पाहा, आत पिवळा ठिपका दिसेल. पांढरा प्रकाश देणारा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळा थर असतो, आणि निळा-पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी १९६२ मध्ये झाला, पण चांगला निळा जमायला १९९० चं दशक उजाडलं. ते जमवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो एलईडी आज आपल्याला किरकोळ पैशांत मिळतो. मला याचं अजूनही नवल वाटतं.

आई, तुझ्या डबीत पिवळसर उजेडाचे एलईडी घातले आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तुला पांढरा झोत टोचतो ना. शिवाय त्यांची डोकी पॉलिश पेपरने घासून धुरकट केली आहेत, त्यामुळे झोत न पडता पावलांपुढे पसरट उजेड पडतो. लांबचं दिसणार नाही, पण न्हाणीपर्यंत आणि गोठ्यापर्यंत पुरेल. मला धास्ती फुरशाची आहे. जांभ्याच्या रंगात ते असं मिसळतं की पाय पडेपर्यंत कळत नाही, आणि जास्त करून रात्रीच फिरतं. पाठ आहे म्हणून अंधारात पाखाडी उतरू नकोस. डबी चपटी आहे, खिडकीत उशाशी ठेवलीस तर घरंगळणार नाही.

सेल अल्कलाइन घ्या. तीन एलईडी मिळून ६० मिलिअँपिअर खातात, तेव्हा तीसेक तास उजेड सहज मिळेल. नंतरही ती एकदम विझत नाही, हळूहळू मंद होते, तेव्हा दुकानात जायला सवड राहते. बदलताना तिन्ही एकदम बदला. जुना-नवा एकत्र घातला तर जुना लवकर मरतो आणि गळतो. आपली खारी हवा सेलच्या खोक्यातल्या स्प्रिंगांना खाते, हिरवट बुरशीसारखं धरतं. पॉलिश पेपरने पुसून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला की निभतं. पावसात बरेच दिवस वापरायची नसेल तर सेल काढून ठेवा.

आणखी एक. पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेला जांभळट एलईडी आहे, अतिनील उजेडाचा. त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, हे खरं आहे. त्याचं व्होल्टेजही पांढऱ्याच्या जवळपासचंच, त्यामुळे तोच ६८ चा रेझिस्टर चालतो. एक पांढरा काढून त्याच्या जागी लावलात तर गडग्याच्या फटीत आणि लाकडांच्या माचात काय बसलंय ते दिसेल. त्या वेळी उरलेल्या दोन पांढऱ्यांवर बोट धरा, नाहीतर चमक कळणार नाही. त्या एलईडीत डोळ्यांनी थेट बघू नका, आणि आईने लाकडं काढायच्या आधी हे करून ठेवा.

आंब्याची पेटी मिळाली, रायवळही गोड आहेत. जोडताना कुठे अडलात तर रात्री जेवणानंतर फोन करा, मी कागद-पेन्सिल घेऊनच बसेन. मृगाच्या आधी शनिवार-रविवार येते आहे.

तुमची,
लेक