नव्या वर्षात मंडळीने आधी काय करावं

पिंपरी
28 डिसेंबर 2025

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम जय ख्रिस्त.

बाबा, नाताळच्या दिवशी फोनवर तुम्ही विचारलंत, "नव्या वर्षासाठी तुमच्या चर्चच्या कमिटीने काय ठरवलंय?" घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, त्यामुळे धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज उपासनेहून आल्यावर लिहायला बसले. तुम्ही मोठ्याने वाचाल आणि आई पलंगावरून ऐकेल, हे धरून अक्षर मोठं काढलंय.

ठरलेलं अजून काहीच नाही. 10 जानेवारीला पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीची, बैठक आहे. आध्यात्मिक बाबतीत मंडळीने यंदा काय पहिलं धरावं, ते प्रत्येक सभासदाने लिहून आणायचं, असं पाळकसाहेबांनी सांगितलंय. मागच्या बैठकीत याच विषयावर तोंडी बोलणं झालं, तेव्हा हॉलचं गळकं छत, नवी साउंड सिस्टीम आणि गाड्या लावायची जागा यातच दोन तास गेले. हॉल आधी व्हावा असं तुमचंही मत आहे, हे मला माहीत आहे. तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शब्बाथ शाळा, मुलांचा रविवारचा बायबलवर्ग, चालवलीत, पावसात मुलांना भिंतीकडे सरकवून शिकवलंत. तुम्हाला छताची किंमत कळते, आणि तो मुद्दा मी हलका मानत नाही. तरी माझ्या कागदावर पहिली ओळ वेगळी आहे. जे चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी मंडळीने गेलं पाहिजे. हॉलसुद्धा त्याच्यानंतर.

आई, हे मला तुझ्याकडे बघून कळलं. मांडीचं हाड मोडल्यापासून तू चर्चला गेलेली नाहीस. दर रविवारी मोबाईलवर उपासना लावतेस, मधेच चित्र अडकतं, आणि विचारलं की "चालतंय गं" म्हणतेस. पण प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षारस, मोबाईलमधून मिळत नाही. लग्न होऊन त्या मंडळीत आलीस तेव्हापासून प्रभुभोजनाचा एकही रविवार न चुकवणारी तू, पावसाळ्यापासून त्याविना आहेस. महिला मंडळातल्या दोघी-तिघी येऊन गेल्या, त्यांचे उपकार आहेतच. पण मंडळी म्हणून कोणी आलं नाही. तू तक्रार केली नाहीस, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

बाबा, तुम्ही तुमच्या पाळकसाहेबांची बाजू घेतलीत. एका माणसाकडे तीन गावं, वर डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, बैठका, त्यांनी कुठे-कुठे पुरावं? खरं आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही. सगळं एकाच माणसावर टाकून बाकीची मंडळी बाकावर बसून राहते, याचं मला दुःख आहे. आमच्याकडेही तेच चालतं.

बायबलमधला प्रेषितांची कृत्ये, 6वा अध्याय तुम्हीच आम्हाला शिकवलात. यरुशलेमेतली मंडळी वाढली आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होऊ लागलं. कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही. आपण प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडायची नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि त्याच बैठकीत मंडळीकडून सात जण निवडून घेतले. ते सात जण आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले असावेत, अशी अट घातली. अन्न वाटण्याच्या कामासाठी ही अट! तिथे वचन आणि सेवा यांत मोठं-लहान कोणी केलं नाही. ज्या विधवांपर्यंत वाटणी पोचत नव्हती, त्यांच्यावरून मंडळीची व्यवस्था बदलली. निवडलेल्यांपैकी स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी झाला आणि फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता नेली.

आणखी एक गोष्ट आमच्या पाळकसाहेबांनी अभ्यासवर्गात सांगितली, ती तुम्हाला आवडेल. इ.स. 155च्या सुमारास रोममध्ये हुतात्मा जस्टिन याने सम्राटासाठी एक निवेदन लिहिलं. ख्रिस्ती लोक रविवारी जमून काय करतात, ते त्यात सांगितलंय. वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि मग जे हजर नाहीत त्यांच्यासाठी डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, तोच वाटा घरी घेऊन जातात. अर्पणाचा पैसा अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी. छळाचा काळ होता, स्वतःची चर्चं बांधण्याची सोयच नव्हती. पण गैरहजर माणसाचा वाटा काढून ठेवायचा आणि पोचवायचा, हे तेव्हाही रविवारच्या उपासनेत धरलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, इमारत नसेल तर लोक जमणार कुठे? त्याचंही उत्तर आहे, आणि ते इमारतीच्या कर्जातूनच आलंय. 1742मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या मेथडिस्टांवर, म्हणजे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर, त्यांच्या सभागृहाचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरलं. गरिबांना तेवढंही जमेना, तेव्हा एकाने बारा-एक जणांची जबाबदारी घ्यायची, दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊन पेनी गोळा करायची आणि कमी पडेल ते स्वतः भरायचं, अशी योजना निघाली. दारोदार गेल्यावर या लोकांना घरातल्या गोष्टी दिसू लागल्या. कोणाचा संसार कशात अडकलाय, कोण विश्वासात थंडावलाय, कोणाला धीर हवाय. वेस्ली यांच्या लक्षात आलं की कर्जाहून मोठं काम हाती लागलंय, आणि त्यांची 'क्लास'ची, म्हणजे बारा-एक जणांच्या छोट्या गटांची, पद्धत त्यातून उभी राहिली. हॉलसाठी आम्हीही घरोघर जाऊच. पण या वर्षी आधी पावतीपुस्तकाशिवाय जायचं, असं मी मांडणार आहे. वर्गणीसाठी चर्चची माणसं आली, एवढीच भेट ज्यांना माहीत आहे, अशी बरीच घरं आमच्याकडे आहेत.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरी आणि मी मंडळीची नोंदवही घेऊन बसलो. अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले, मुलं परदेशात आणि फ्लॅटमध्ये एकटे राहिलेले म्हातारे. हॉस्पिटलात नर्स असलेल्या कितीतरी बायका, ज्यांना रविवारची ड्युटी टळत नाही. आणि एक यादी अशी, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मागच्या कमिटीच्या निवडणुकीत भांडण झालं, काही घरांनी येणंच सोडलं. नावं अजून वहीत आहेत, माणसं बाकांवर नाहीत.

या शेवटच्या यादीकडे मी सगळ्यांत आधी जायला सांगणार आहे. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभू मत्तयाच्या 5व्या अध्यायात सांगतो. त्याच्या मनात काही असेल तरी निघायचं आपण. चूक कोणाची याचा हिशेब तिथे मागितलेलाच नाही. बाबा, 29 नोव्हेंबर 1970ला आपली उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा तुम्ही नागपूरला गेला होतात. वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एक झाल्या. बाप्तिस्मा बालपणी द्यायचा की मोठेपणी, बिशप असावा की नसावा, अशा प्रश्नांवर कित्येक वर्षं बोलणी करून. एकता, साक्ष, सेवा हे ब्रीद आपण अजून पत्रकांवर छापतो. पण एका गल्लीत राहणारी दोन घरं प्रभुभोजनाच्या एका चषकाजवळ येत नसतील, तर नव्या वर्षाचा कुठलाही कार्यक्रम मला पोकळ वाटतो.

काम कसं करायचं तेही लिहिते, नाहीतर तुम्ही विचारालच. दोघा-दोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीकडे महिन्याला चार घरं. आधी फोन करायचा. अर्धा तास बसायचं, त्यातला निम्मा वेळ नुसतं ऐकायचं. एक स्तोत्र वाचायचं, त्या घराला आवडतं ते गीत म्हणायचं, प्रार्थना करायची. कोणाला प्रभुभोजन हवंय ते पाळकसाहेबांना कळवायचं, म्हणजे शनिवारी ते त्या घरांना जातील. प्रभुभोजन द्यायला पाळक हवेत. स्तोत्र वाचायला आणि हात धरून बसायला मंडळीतलं कोणीही चालतं. तुमच्या लहानपणी बायबलबाया, घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बायका, वाड्या-वस्त्यांवर चालत जायच्या, ते आईने मला कितीदा सांगितलंय.

जोडीबरोबर शब्बाथ शाळेतलं एक मूल न्यायचं, असं मी मुद्दाम घातलंय. आमची मुलं इंग्रजी शाळेत जातात. मराठी बायबल हातात दिलं तर ओळीला तीन ठिकाणी अडखळतात. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग काढला तर चार रविवार चालतो आणि बंद पडतो. पण आजीच्या पलंगाशी बसून 121वं स्तोत्र वाचायचंय म्हटलं, की ते मूल घरी तयारी करतं. वाचताना चुकलं तर आजीच पुढचा शब्द सांगते, तिला पाठ असतं.

आणि हे सगळं प्रार्थनेतून सुरू व्हावं. जानेवारीचा पहिला आठवडा आपल्याकडे प्रार्थना सप्ताह असतोच. त्याचं मूळ आपल्याच देशात आहे, हे मला यंदाच कळलं. 1858मध्ये लुधियानाच्या मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना हाक दिली आणि 1860च्या जानेवारीत तो पहिल्यांदा पाळला गेला. केडगावला, म्हणजे नगरजवळच्या नव्हे, दौंडकडच्या, पंडिता रमाबाईंनीही 1905च्या जानेवारीत त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुली-बायकांना नेमाने प्रार्थनेला बोलावलं. तिथली आध्यात्मिक जागृती आली ती त्यानंतर काही महिन्यांनी. आमच्या सप्ताहात विषय ठरलेले असतात: देश, शासन, आजारी, तरुण. माझी विनंती एवढीच असेल की यंदा 'आजारी' न म्हणता नावं घ्यावीत. ज्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना केली, त्याच्याकडे न जाता राहवत नाही.

वॉचनाईटला, 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, बायबलमधल्या वचनाच्या चिठ्ठ्या काढतो ना, दर वर्षी खूप उरतात. न आलेल्या प्रत्येकाच्या नावाने एक चिठ्ठी काढून ती नवीन वर्षाच्या पहिल्या दोन दिवसांत घरी पोचवायची, हे पाळकसाहेबांनी मान्य केलंय. नाव लिहायचं काम माझ्याकडे आहे.

आता तुमच्याकडून मदत हवी. बाबा, तुम्ही मंडळीचे वडील (एल्डर) असताना घरं कशी वाटून घ्यायचात, आणि कोण कोणाकडे जायचं ते वहीत कसं लिहायचात, तेवढं मला सविस्तर कळवा. 10 तारखेच्या आत मिळालं तर बैठकीत दाखवता येईल. छताबद्दल तुमचं म्हणणंही लिहा, मी ते जसंच्या तसं वाचून दाखवीन. आई, आजाऱ्याच्या घरी कुठली गीतं म्हणावीत ते तू सांग. मोठ्या चालीची नकोत, बसल्या जागी बारीक आवाजात म्हणता येतील अशी.

आणि बाबा, एक शेवटचं. तुम्ही दोघांनी तुमच्या पाळकसाहेबांना अजून बोलावलेलंच नाही. त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही गप्प राहता. पण याकोबाच्या पत्रात, 5व्या अध्यायात, आजारी असलेल्यानेच मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं सांगितलंय. बोलावणं आजाऱ्याकडून जायचंय. आम्ही 17 तारखेला, शनिवारी येतो आहोत. त्या दिवशी प्रभुभोजन घेऊन घरी याल का, असं तुम्ही त्यांना आजच फोन करून विचारा. संकोच वाटत असेल तर मला सांगा, मी विचारते.

मुलांचा तुम्हा दोघांना सलाम.

तुमची लेक