टिचकी वाजवून पाहू नकोस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून सांगायला गेलो, की तू तुझा चांगला कान पुढे करतेस, मी माझा, आणि दोघांची तोंडं भलतीकडेच होतात. म्हणून तुझ्या कानाच्या ऑपरेशनआधी हे लिहितोय.

माझ्या ऑपरेशननंतर कानाची पट्टी सुटली त्याच दिवशी मी कानाशी टिचकी वाजवून पाहिली. आधीपेक्षाही कमी ऐकू आलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, कान गेलाच म्हणून. झालं होतं एवढंच, की पडद्याच्या ठिगळाला आधार म्हणून आत विरघळणारा स्पंज भरलेला होता. तो विरघळायला आठवडे लागतात. ऐकण्याची खरी तपासणी तिसऱ्या महिन्यात झाली, आणि तेव्हा फरक दिसला.

पडद्याचं भोक बुजवायला कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेतात, तुझंच. तो भाग मला सोपा वाटतो. तुझी खरी अडचण ऐरणीची आहे. हातोडा, ऐरण, रिकीब ही पडद्यामागच्या तीन इवल्या हाडांची साखळी. पडद्याचा कामाचा भाग रिकिबीच्या तळव्याच्या साधारण 17 पट, म्हणून एवढ्याशा टोकावर सगळा जोर एकवटतो. कान वाहत राहिला की बहुधा ऐरणीचं टोक आधी झिजतं आणि जोर मध्येच अडतो. तिथे ऐरणच कोरून बसवतील, नाहीतर टायटॅनियमचा तुकडा. कपाळावर ठेवलेल्या ट्यूनिंग फोर्कचा आवाज आजारी कानातच मोठा आला म्हणून तू हसलीस ना? आतली नस शाबूत असल्याची ती खूण.

डॉक्टर म्हणतील, आधी कान कोरडा, ऐकणं नंतर. मला तेव्हा राग आला होता. पण आत कोलेस्टिॲटोमा, म्हणजे नको तिथे वाढलेली कातडी, सापडली तर ती हाड खात जाते. आधी तीच काढावी लागते. मग हाडांचं काम काही महिन्यांनी, दुसऱ्या ऑपरेशनला. तसं झालं तर ऑपरेशन फसलं असं धरू नकोस.

जिभेच्या एका बाजूला लोखंडासारखी चव आली तर घाबरू नकोस. चवीची नस पडद्यामागूनच जाते. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं.

लहानपणी तुझा कान वाहायचा तेव्हा 'सर्दीबरोबर जाईल' म्हणत मी दिवस काढले. स्वतःचा कान तसाच गेलेला असूनही. ते मनातून जात नाही.

पट्टी सुटेल त्या दिवशी येतो. तुझ्या चांगल्या कानाच्या बाजूला बसेन.

तुझा,
बाबा